सेन्सर बदलण्याआधी कपलर उघडून बघा

'सेन्सर खराब आहे' असं गाडीचे दोष वाचणारा स्कॅनर कधीच सांगत नाही. पडद्यावर पी०११८ असा कोड येतो. त्याचा अर्थ इतकाच, की कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं, तापमान सांगणाऱ्या सर्किटमध्ये व्होल्टेज हवं त्यापेक्षा जास्त आहे. सर्किट म्हणजे सेन्सर, त्याच्या दोन वायरी, वाटेतले जोड आणि दुसऱ्या टोकाचा ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक), हे सगळं मिळून. यातला गुन्हेगार कोण, हे शोधायचं काम माणसाचं. पण गॅरेजात गर्दी असते, गिऱ्हाईक घड्याळाकडे बघत बसलेलं असतं, आणि समोर दिसणारा सोपा संशयित म्हणजे सेन्सर. तो बदलला जातो आणि गाडी ठीक होते. मग दोन-तीन आठवड्यांनी, गगनबावड्याकडून एखादा दिवसभराचा पाऊस अंगावर घेऊन आलात, की डॅशबोर्डवरचा तोच चेक लाइट पुन्हा पेटतो.

मधले ते दोन-तीन आठवडे गाडी कशी काय बरी चालली? याचं उत्तर बऱ्याच वेळा कपलरमध्ये असतं. सेन्सर बदलताना कपलर काढून पुन्हा बसवला गेला, आणि तेवढ्या घासण्यानं आतला मळ थोडा बाजूला सरला. काम त्या घासण्यानं केलं, बिल मात्र सेन्सरचं झालं.

कपलर म्हणजे वायरिंगच्या टोकाचं प्लॅस्टिकचं घर, जे सेन्सरवर, इंजेक्टरवर, इग्निशन कॉइलवर 'टक्' करून बसतं. सेन्सरच्या अंगातून पिना बाहेर आलेल्या असतात. कपलरच्या आत त्या पिना गिळणारी मादी टर्मिनल असतात. या टर्मिनलमध्ये एक पातळ, वाकवलेली पट्टी असते आणि ती पिनेला दाबून धरते. सगळा खेळ त्या दाबावर चालतो. पिन आणि टर्मिनल एकमेकांना पूर्ण टेकल्यासारखी दिसली, तरी खरा स्पर्श मोजक्या सूक्ष्म ठिपक्यांवरच होत असतो. पट्टी सैल झाली किंवा ठिपक्यांवर थर साचला, की वीज अडखळते. पाणी आत जाऊ नये म्हणून कपलरच्या तोंडाशी एक रबरी सील असतं, आणि मागून वायर आत शिरते तिथे प्रत्येक वायरीला स्वतःचं छोटं रबरी सील. हे मागचं सील कुणाच्या लक्षात येत नाही. पाणी बऱ्याचदा तिथूनच शिरतं.

पिना आणि टर्मिनल पितळेची किंवा तांब्याच्या मिश्रधातूची असतात, आणि त्यांवर कथलाचा थर दिलेला असतो. आपल्याकडे पितळी पातेल्यांना कल्हई करायचे तेच हे, फक्त कारखान्यात आणि काही मायक्रॉन जाडीचं. कल्हई उडालेल्या पातेल्यात ताक ठेवलं की कळकतं, हे घरातल्या मोठ्या माणसांना सांगावं लागत नाही. टर्मिनलचंही तसंच. वरचा कथलाचा थर शाबूत आहे तोवर आतलं तांबं सुरक्षित. तो एकदा गेला, की ओल, हवा आणि रस्त्यावरचे क्षार मिळून तांब्यावर हिरवट किट्ट चढवतात. दुरुस्तीचा जवळजवळ प्रत्येक निर्णय या एका गोष्टीवर ठरतो: कल्हई शिल्लक आहे की गेली?

आत नेमकं काय होतं

गंज म्हटलं की डोळ्यासमोर लोखंडाचा तांबूस गंज येतो. कपलरमधला गंज वेगळा, आणि तोही दोन तऱ्हांचा.

पहिला पाण्याचा. दोन पिनांमध्ये अंतर असतं काही मिलिमीटर. एका पिनेवर बारा व्होल्ट, दुसरी अर्थला, म्हणजे बॅटरीच्या मायनस बाजूला. मध्ये पाण्याचा पापुद्रा आला, आणि त्या पाण्यात चिखलातले क्षार किंवा गळलेलं कूलंट विरघळलेलं असलं, की तिथे विद्युत-विघटन सुरू होतं. ज्या पिनेवर सतत प्लस असतो तिचं तांबं झिजत जातं. म्हणूनच एकाच कपलरमधली एक पिन चकचकीत आणि शेजारची अर्धी खाल्लेली, असं दृश्य दिसतं. नुसतं ओलं होण्यापेक्षा ओलं असताना वीज चालू असणं जास्त घातक. पुराच्या पाण्यात गाडी बुडाली तर पहिल्यांदा बॅटरीची मायनस वायर काढा असं सांगतात, त्यामागचं एक कारण हेच. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात बुडालेल्या गाड्यांत 'चालू होतेय का बघू' म्हणून किल्ली फिरवण्याचा मोह अनेकांना झाला असणार. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडायला निघाली, की नदीकाठच्या मंडळींनी गाडी वर नेऊन लावावी हे उत्तमच. पण ती सापडलीच पाण्यात, तर किल्लीला हात न लावणं हीच पहिली दुरुस्ती.

पाणी आत कसं शिरतं, यातही एक गंमत आहे. गरम इंजिनावर थंड पाण्याचा प्रेशर मारला, की कपलरमधली गरम हवा एकदम आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी आत ओढून घेते. म्हणजे वॉशिंगला गाडी दिली, पोरानं मन लावून इंजिन धुतलं, आणि दुसऱ्या दिवशी गाडी मिसिंग मारायला लागली, यात योगायोग फार कमी. इंजिन धुवायचंच असेल तर पूर्ण थंड झाल्यावर, हलक्या हातानं, कपलर झाकून.

दुसरा गंज पाण्याशिवायही होतो. इंजिन हलतं, वायर हलते, पिन टर्मिनलमध्ये काही मायक्रॉन पुढे-मागे सरकत राहते. प्रत्येक हेलकाव्यात कथलाचा वरचा थर खरवडला जातो, उघडं पडलेलं कथील हवेत लगेच ऑक्साइड बनतं, आणि त्याची बारीक भुकटी नेमकी स्पर्शाच्या ठिपक्यांत साचते. बाहेरून कपलर कोरडा आणि स्वच्छ दिसतो. भिंग धरलं तरच पिनेवर एक काळपट ठिपका दिसतो. 'काढून लावलं की चालतंय' हा आजार बहुधा याचाच.

रंगावरून अंदाज बांधता येतो. हिरवी-निळसर भुकटी म्हणजे तांब्यापर्यंत घाव गेलाय. पांढरी साय दिसली तर बहुधा कथलाचं ऑक्साइड, किंवा कूलंट सुकून राहिलेला क्षार. प्लॅस्टिक तपकिरी होऊन टर्मिनल काळं पडलं असेल, तर तिथे उष्णता झालीय. अशा वेळी साफसफाईत वेळ घालवू नका, तो कपलर गेला.

तीनशे ओहमचं नाटक

कूलंटचा सेन्सर म्हणजे तापेल तसा रोध कमी होणारा एक छोटा तुकडा. गाडीगणिक आकडे बदलतात, पण सर्रास दिसणाऱ्या एका प्रकारात २० अंशाला सुमारे २,५०० ओहम, ६० अंशाला ६०० च्या आसपास, ८० अंशाला ३०० च्या थोडं वर आणि १०० अंशाला २०० च्या खाली असा उतार असतो. ईसीयूला तापमान दिसत नाही, त्याला दिसतो रोध, खरं तर त्या रोधामुळे पडणारं व्होल्टेज.

आता कपलरमधल्या किट्टानं वाटेत ३०० ओहम जास्तीचे घातले असं समजा. इंजिन खरोखर ८० अंशांवर आहे, सेन्सर प्रामाणिकपणे तीनशेच्या वर काहीतरी सांगतोय, पण ईसीयूपर्यंत पोचतात सहाशेच्या वर. त्याला वाटतं इंजिन साठीतच आहे. मग तो पेट्रोल थोडं सढळ हातानं सोडतो. धुरातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर यातलं बरंच सावरून घेतो, तरी गाडी गरम होईपर्यंतच्या काळात ॲव्हरेज मार खातं.

खरी गोम पुढे आहे. इंजिन कितीही तापलं, सेन्सरचा रोध शून्यावर आला तरी, एकूण बेरीज ३०० च्या खाली जाऊच शकत नाही. म्हणजे ईसीयूला ८०-८२ अंशांपेक्षा जास्त तापमान कधी दिसणारच नाही. आणि रेडिएटरचा पंखा सुरू करायचा असतो नव्वदीच्या पुढे. ज्या गाड्यांत पंखा याच सेन्सरच्या सांगण्यावरून फिरतो, त्या गाडीत तो फिरत नाही. एसी लावला की फिरतो, कारण एसीचा हुकूम वेगळ्या वाटेनं येतो. एसी बंद करून अंबा घाट चढायला लागा, इंजिन उकळतंय आणि डॅशबोर्डवरचा काटा मात्र शांत. चेक लाइटही लागेलच असं नाही, कारण ८० अंश हे काही अशक्य तापमान नाही, ईसीयूनं त्यावर शंका का घ्यावी? काही गाड्यांत फार तर पी०१२८ येतो, म्हणजे कूलंट पुरेसं तापत नाही, आणि मग कूलंटची वाट उघड-बंद करणाऱ्या बिचाऱ्या निर्दोष थर्मोस्टॅटचा बळी जातो.

वायर पूर्ण तुटली तर उलट बरं. ईसीयूला उणे ४० अंश दिसतात, कोल्हापुरात ते अशक्य आहे हे त्यालाही कळतं, दिवा पेटतो आणि बऱ्याच गाड्यांत पंखा सुरक्षेसाठी सतत फिरत राहतो. अर्धवट बिघाड पूर्ण बिघाडापेक्षा जास्त फसवतो.

जाड वायरींचं गणित निराळं. पंख्याच्या मोटरला दहा-एक अँपिअर लागतात. तिथे कपलरमध्ये नुसता ०.१ ओहम जास्तीचा आला, तर एक व्होल्ट तिथेच खर्च होतो आणि दहा वॉटची उष्णता त्या इवल्याशा टर्मिनलमध्ये तयार होते. त्यानं पट्टीचा दाब मऊ पडतो, दाब कमी झाला की रोध वाढतो, रोध वाढला की आणखी उष्णता. शेवटी प्लॅस्टिक वितळतं. सेन्सरला ०.१ ओहम म्हणजे काहीच नाही, आणि पंख्याला तेवढ्यानं आग लागू शकते. म्हणून 'मीटर लावून बघितला, कंटिन्युइटी येतेय' हे वाक्य पंखा, हॉर्न, स्टार्टर, हेडलाइट यांच्या बाबतीत ऐकूनच घेऊ नका. पंधरा तारांपैकी एक तार शिल्लक असली तरी मीटर पिप् करतो. त्या एका तारेवर दहा अँपिअर जात नाहीत.

शोधायचं कसं

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका वायरिंगच्या दुकानात हे काम जवळून बघायला मिळालं. गिऱ्हाईक एक शिक्षक, गाडी जुनी पेट्रोल हॅचबॅक, आणि तक्रार वर सांगितली तीच: एसीशिवाय पंखा नाही. सेन्सर दुसरीकडे बदलून झालेला.

"सर, सेन्सर नवा हाय नव्हं? मग त्याला कशाला शिव्या घालायच्या," मिस्त्री म्हणाले. "कपलर कुणी उघडून बघितला व्हता का?"

"नवा सेन्सर लावला तेव्हा काढला असणारच की."

"काढला असंल. बघितला न्हाई."

मग त्यांनी स्कॅनर जोडून लाइव्ह डेटावर कूलंटचं तापमान काढलं, आणि कपलर सेन्सरवरून उपटला. पडद्यावर उणे ४०. बरोबर. मग वायरीच्या एका बारीक तुकड्यानं कपलरमधली दोन्ही टर्मिनल एकमेकांना जोडली. सर्किट ठीक असेल तर आकडा एकदम वर, १३० किंवा त्याच्याही पुढे जायला हवा. तो गेला ८४ वर आणि तिथेच थांबला. सेन्सर तर हातात होता, सर्किटच्या बाहेर. म्हणजे दोष कपलरच्या मागे, टर्मिनलच्या क्रिम्पमध्ये (टर्मिनल वायरीवर दाबून केलेल्या जोडात) किंवा वायरीत. त्यांनी मागचं रबरी सील नखानं सरकवलं, तर वायरीभोवती हिरवा गाळ. वायर हलकीशी ओढली, आणि ती टर्मिनलमधून सरळ हातात आली.

या चाचणीचा उपयोग दोन्ही बाजूंनी होतो. जोडल्यावर आकडा टोकाला गेला, तर वायरिंग निर्दोष, मग सेन्सरच्या पिनांवर ओहम मोजा. तेही बरोबर आले, तर उरतो फक्त पिन आणि टर्मिनल यांचा स्पर्श. पण एक लक्षात ठेवा, ही युक्ती दोन वायरींच्या तापमान सेन्सरपुरतीच. तीन वायरींच्या सेन्सरमध्ये एक वायर पाच व्होल्टची असते, ती अर्थला टेकवली तर एकाच वेळी दोन-तीन सेन्सर आंधळे होतात.

पंख्यासारख्या जाड कामासाठी व्होल्टेज ड्रॉप मोजायचा. मीटर व्होल्टवर ठेवा, पंखा फिरू द्या, आणि जोडाच्या अलीकडे एक प्रोब, पलीकडे दुसरा. चांगल्या जोडात आकडा ०.१ व्होल्टच्या आत राहतो. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर चोर सापडला. अर्थच्या बाजूनंही मोजा, लोक प्लसची बाजू तपासून थांबतात. प्रोब मागच्या बाजूनं, वायरीच्या कडेनं सरकवायचा. समोरून मादी टर्मिनलमध्ये जाड प्रोब किंवा सेफ्टी पिन खुपसली, की आतली पट्टी कायमची फाकते आणि नवाच बिघाड तयार होतो. वायरीला सुई टोचून मोजणं तर नकोच, ते भोक म्हणजे पुढच्या पावसाला आमंत्रण.

बिघाड मधूनच येतो-जातो असा असेल, तर इंजिन चालू ठेवून, स्कॅनरवर आकडा बघत, वायरिंग ठिकठिकाणी हलवा. ज्या जागी हात लागल्यावर आकडा उडी मारतो, ती जागा. मात्र फिरणारा पट्टा आणि पंखा यांच्यापासून हात, बाही, ओढणी लांब. कित्येक गाड्यांत इंजिन बंद असतानाही पंखा आपोआप सुरू होतो.

उघडणं, साफ करणं, आणि कुठे थांबायचं

किल्ली काढा, बॅटरीची मायनस वायर सोडवा. रेडिओचा कोड लागणार असेल तर आधी शोधून ठेवा. पिवळ्या कपलरला हात लावायचा नाही, तो एअरबॅगचा. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीतल्या नारंगी वायरीही तशाच सोडायच्या.

कपलर वायर धरून ओढायचा नाही, हे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळे ओढतात. आधी खटक्यावरचा चिखल हवेनं किंवा ब्रशनं काढा. मग कपलर थोडा आत दाबा, म्हणजे खटक्यावरचा ताण सुटतो. मग खटका दाबून बाहेर घ्या. जुन्या गाडीत प्लॅस्टिक कडक झालेलं असतं. इंजिन किंचित कोमट असताना काम केलं तर खटका मोडायची शक्यता कमी.

हलका मळ असेल तर काँटॅक्ट क्लीनर मारा. तो प्लॅस्टिकला चालणारा आणि मागे तेलकटपणा न ठेवणारा हवा. दातांच्या फटीत घालायचा बारीक ब्रश किंवा लाकडी टूथपिक आत फिरवा, पुन्हा क्लीनर मारा आणि पूर्ण वाळू द्या. डब्ल्यूडी-४० पाणी हटवतं, रस्त्यात अडकलात तर तेवढं काम भागतं, पण त्याला दुरुस्ती म्हणू नका. पॉलिश पेपर हा इथला सगळ्यात मोठा शत्रू. पिन दोन मिनिटांत लखलखते, मिस्त्री आणि गिऱ्हाईक दोघंही खूश होतात, आणि उरलीसुरली कल्हई त्या कागदावर निघून आलेली असते. पुढच्या पावसाळ्यात तीच पिन दुप्पट वेगानं हिरवी होते. लिंबू आणि व्हिनेगर किट्ट काढतात खरं, पण आम्लाचा अंश क्रिम्पच्या फटीत राहिला तर आतून खात राहतो. बॅटरीच्या टर्मिनलवर सोडा घालून पाणी ओततो, तो उपाय आम्लासाठी आहे. इंजिनवरच्या कपलरला तो लावायचं कारण नाही.

पुरात बुडालेल्या गाडीचा मात्र अपवाद. तिथे आधी गाळ जायला हवा, म्हणून कपलर उघडून स्वच्छ पाण्यानं, जमलं तर शेवटी डिस्टिल्ड वॉटरनं, धुवायचे आणि हवा मारून पूर्ण सुकवायचे. गाळ तसाच ठेवून वर क्लीनर मारला तर पैसे वाया.

साफ केल्यावर टर्मिनलची पकड बघा. त्याच मापाची एखादी सुटी पिन आत सरकवून बाहेर ओढली, तर हाताला हलका विरोध जाणवायला हवा. पिन सळ्ळकन निघाली तर ते टर्मिनल साफ असूनही निकामी आहे. आणि पिनेवर खड्डे पडलेत, रंग तांबूस झालाय, टर्मिनल हिरवं आहे, तर कल्हई गेली. आता बदलायचं.

बदलायचं म्हणजे दोन वाटा. पहिली, फक्त टर्मिनल. कपलरमधलं पांढरं किंवा रंगीत छोटं कुलूप सरकवायचं, आतली टर्मिनल धरून ठेवणारी बारीक जीभ पातळ पिनेनं उचलायची, आणि वायर मागून बाहेर घ्यायची. नवं टर्मिनल त्याच मापाचं, त्याच मुलाम्याचं हवं. सोन्याच्या मुलाम्याच्या पिनेवर कथलाचं टर्मिनल बसवलं तर तो जोड लवकर खराब होतो. दुसरी वाट सोपी: वायरीसकट नवा कपलर आणायचा, किंवा भंगारातल्या तशाच गाडीचा, वीतभर वायर ठेवून कापलेला. भंगारातला घेताना तो आतून हिरवा नाही ना, एवढं मात्र बघा. गाडी वॉरंटीत असेल तर वायरिंगला कात्री लावण्याआधी सर्व्हिस सेंटरशी बोला.

कापण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. एकदम सगळ्या वायरी कापू नका, एक कापा, एक जोडा. काही कपलरमध्ये दोन वायरी एकाच रंगाच्या असतात, आणि तेव्हा फोटोही कामाला येत नाही.

इथे घाई नडते ती तांब्याच्या रंगाशी. वायरीचं कवच सोला आणि आतलं तांबं बघा. काळं असेल तर आणखी मागे कापा, चकचकीत तांबं लागेपर्यंत. पाणी आणि कूलंट तारांमधल्या बारीक फटींतून कवचाच्या आतच पुढे झिरपतात, कधी कधी बरंच लांब. काळ्या तारेला केलेला जोड कितीही सुबक असला तरी टिकत नाही, कारण क्रिम्प त्या काळ्या थरावरच दाबला जातो, आणि कथीलही त्यावर धरत नाही.

जोड क्रिम्प करायचा की सोल्डर (कथील वितळवून), यावर गॅरेजात वाद रंगतात. माझं मत क्रिम्पच्या बाजूनं, पण योग्य मापाच्या आणि योग्य प्लायरनं केलेल्या. पकडीनं चेपलेला क्रिम्प नको. टर्मिनलला मागे पंखांच्या दोन जोड्या असतात. पुढची उघड्या तांब्यावर बसते, मागची कवचावर किंवा सीलवर, म्हणजे ताण तारांवर येत नाही. सोल्डरमध्ये कथील तारांमध्ये वर चढतं आणि तेवढा भाग कडक होतो. इंजिनच्या हादऱ्यानं वायर नेमकी त्या कडक भागाच्या कडेला तुटते. सोल्डर करायचंच असेल तर राळेचं (रोझिनचं) कथील वापरा, आम्लाची पेस्ट नको, आणि जोडाला आधार द्या. जोड एकाच जागी आणू नका, थोडे पुढे-मागे ठेवा. वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह चढवा, गरम केल्यावर दोन्ही टोकांतून गोंद किंचित बाहेर दिसला पाहिजे. साधी काळी टेप इंजिनच्या उष्णतेत गोंद सोडते आणि चिकट शेंबूड होऊन लोंबते. इंजिनच्या जागेसाठी कापडी टेप मिळते, ती वापरा. इंजिनचं फिरणं मोजणाऱ्या क्रँक सेन्सरच्या वायरी एकमेकींना पिळलेल्या असतील तर जोडानंतरही पीळ तसाच ठेवा. बाहेरचा विद्युत गोंगाट सिग्नलमध्ये येऊ नये म्हणून तो दिलेला असतो.

कपलर बसवताना डायलेक्ट्रिक ग्रीस. यातून वीज जात नाही, म्हणून काही जण घाबरतात, आणि काही जण उलट डबाभर भरतात. पिन आत जाताना ग्रीस स्पर्शाच्या ठिपक्यांवरून बाजूला सरतं आणि आजूबाजूची हवा-पाणी अडवून राहतं. पातळ थर रबरी सीलवर आणि अगदी थोडं पिनांवर, बस्स. कपलर ठासून भरला तर हवा कोंडते आणि तो नीट बसतच नाही. सील फाटलंय म्हणून वरून सिलिकॉन चोपडायची पद्धत आहे. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येतो ते सुकताना ॲसेटिक आम्ल सोडतं, आणि तांबं त्यानंच खातं. सील फाटलं तर सीलच बदला.

पाणी आलं कुठून, हे न शोधता गाडी परत दिली तर काम अर्धवट. रेडिएटरचा वरचा होजपाइप घाम सोडतोय का, वायपरखालच्या जाळीत पानं अडकून पाणी इंजिनवर उतरतंय का, उंदरांनी वायर कुरतडलीय का. घराजवळ उसाचं शिवार किंवा धान्याची कोठी असेल तर शेवटच्या शक्यतेपासून सुरुवात करा. वायर कपलरच्या खालून येईल अशी वळवा, म्हणजे थेंब वायरीवरून घसरत कपलरमध्ये न जाता वळणाच्या तळाशी गळतो. वायर क्लिपमध्ये किंवा टायनं घट्ट धरली, की हादऱ्यानं होणारा दुसऱ्या तऱ्हेचा गंजही लांबतो. मालवण-तारकर्लीला जाऊन गाडी वाळूपर्यंत नेली असेल, तर परत आल्यावर खालची बाजू साध्या पाण्यानं धुऊन घ्या, मिठापुढे ग्रीससुद्धा हात टेकतं.

मग कोड पुसा आणि गाडी रात्रभर उभी ठेवा. सकाळी इंजिन सुरू न करता फक्त किल्ली फिरवून स्कॅनरवर दोन आकडे बघा: कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान. थंड इंजिनात हे दोन्ही जवळजवळ सारखे असायला हवेत, दोन-चार अंशांचा फरक चालतो. मग एसी बंद ठेवून इंजिन उभ्या उभ्या तापू द्या आणि पंखा किती अंशांना सुरू होतो ते बघा. नव्वदीच्या पुढे तो स्वतःहून फिरला, तापमान खाली आल्यावर थांबला, आणि वायर हलवल्यावर आकडा जागचा हलला नाही, तर बॉनेट लावायला हरकत नाही.